प्रिसिक्वेन्स पेप्टाइड आणि लिपिड पटल : मोजणी कोणत्या क्रमाने करावी आणि ती कुठे चुकते

मायटोकॉन्ड्रियात जाणाऱ्या प्रथिनाच्या आरंभी असणारा संकेत पेप्टाइड, म्हणजेच प्रिसिक्वेन्स, लिपिड पटलाशी किती घट्ट बांधला जातो हे मोजण्याचा प्रयोग कागदावर सोपा दिसतो. लायपोसोम, म्हणजे लिपिडांचे सूक्ष्म बंद फुगे, तयार करायचे, पेप्टाइड घालायचे आणि फ्लुरोसन्स, म्हणजे उद्दीपित रेणूंनी सोडलेला प्रकाश, मोजायचा, इतकेच. तरीही खारघर, महापे, ऐरोली आणि ठाणे या पट्ट्यातील प्रयोगशाळांत हे काम करणारे विद्यार्थी पुन्हा पुन्हा एकच तक्रार घेऊन येतात की गेल्या महिन्यात मिळालेला आकडा या महिन्यात जुळत नाही. अशा वेळी उपकरणावर संशय घेतला जातो, पण दोष बहुधा आधीच्या तयारीत असतो. पेप्टाइडची खरी संहती माहीत नसते, लिपिडची संहती गृहीत धरलेली असते, आणि एका प्रश्नासाठी घेतलेले मापन दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर म्हणून वापरले जाते. हा लेख एमएस्सी प्रकल्प किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थ्यांसाठी आहे. यातील क्रम बदलू नये, कारण प्रत्येक टप्प्याचे गणित आधीच्या टप्प्यातील आकड्यावर उभे आहे.

टप्पा १ : प्रश्न निश्चित करणे

प्रिसिक्वेन्स आणि पटल यांच्या संबंधात किमान पाच वेगवेगळे प्रश्न आहेत. पेप्टाइड पटलाला बांधला जातो का. बांधल्यावर त्याला हेलिक्सचा, म्हणजे मळसूत्रासारखा, आकार येतो का. तो पटलात किती खोल बसतो. त्यामुळे पटल गळू लागते का. आणि तो पटलाच्या पलीकडे जातो का. यांतल्या एकाचे उत्तर मिळाले म्हणजे बाकीच्यांचे मिळाले असे होत नाही. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचा फ्लुरोसन्स पहिल्याचे आणि काही अंशी तिसऱ्याचे उत्तर देतो, सीडी (वर्तुळाकार द्विवर्णता मापन) दुसऱ्याचे, तर लायपोसोममध्ये भरलेला कॅल्सीन हा फ्लुरोसंट रंग चौथ्याचे. पाचवा प्रश्न सर्वांत अवघड आहे आणि वरीलपैकी कोणतेही मापन त्याचे थेट उत्तर देत नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट असावी. पेशीत प्रिसिक्वेन्स उघड्या लिपिड पटलातून आरपार जात नाही. बाह्य पटलावर टॉम२० आणि टॉम२२ हे ग्राहक त्याला ओळखतात, टॉम४० च्या छिद्रातून तो पुढे सरकतो, आंतर पटलाशी टिम५० आणि टिम२३ त्याला घेतात, मॅट्रिक्समधील एचएसपी७० प्रथिनाला आत ओढते आणि शेवटी एमपीपी हे विकर प्रिसिक्वेन्स कापून टाकते. मग रिकाम्या लिपिडांवर प्रयोग का करावा, असा प्रश्न पडेल. प्रिसिक्वेन्सचे उभयप्रवृत्त (एक बाजू जलविरोधी, दुसरी धनप्रभारी असलेले) हेलिक्स मुळात पाणी आणि लिपिड यांच्या सीमेवरच आकार घेते, म्हणून. शिवाय २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टिम२३ संकुलाच्या संशोधनातून असे दिसले की प्रथिनाच्या वाटेत टिम१७ ची खोबण मध्यवर्ती आहे आणि तिची एक बाजू पटलातील लिपिडांकडे उघडी आहे. त्यामुळे लिपिडांशी असलेला संबंध हा आयातीचा एक खरा घटक ठरतो; मात्र तो संपूर्ण आयात नव्हे.

टप्पा २ : पेप्टाइडची निवड आणि मागणी

सुरुवातीला यीस्टच्या सायटोक्रोम सी ऑक्सिडेजच्या चौथ्या उपघटकाचा प्रिसिक्वेन्स घ्यावा. तो २५ अमिनो आम्लांचा आहे, त्यात चार आर्जिनिन आणि एक लायसिन आहे, ग्लुटामेट किंवा ॲस्पार्टेट एकही नाही, आणि त्यावर इतके काम झाले आहे की आपला आकडा तपासून पाहता येतो.

मागणी नोंदवण्यापूर्वी कागदावर हेलिक्सचे चक्र काढावे. प्रत्येक अवशेष मागच्यापेक्षा १०० अंशांनी पुढे सरकतो. या हिशेबाने ४, ८ आणि ११ क्रमांकांचे ल्युसिन, आयसोल्युसिन आणि फेनिलॲलॅनिन अनुक्रमे ४०, ८० आणि २० अंशांवर, म्हणजे एकाच जलविरोधी बाजूला येतात, तर ५, ९ आणि १२ क्रमांकांचे धनप्रभारी अवशेष १४०, १८० आणि १२० अंशांवर येतात. पाण्यात दिशाहीन असलेली ही साखळी पटलाजवळ येताच का वळते, हे या एका आकृतीतून समजते. १३ व्या जागी प्रोलिन असल्याने हेलिक्स तिथे अडखळते, म्हणून चक्र संपूर्ण २५ अवशेषांसाठी काढून निष्कर्ष काढू नयेत.

या अनुक्रमात ट्रिप्टोफॅन नाही, तो घालावा लागतो. इथे पहिली मोठी चूक होते. १० आणि ११ या दोन्ही जागी फेनिलॲलॅनिन असल्याने विद्यार्थी कोणतीही एक जागा निवडतात. ११ वी जागा जलविरोधी बाजूच्या मध्याजवळ आहे, १० वी मात्र २८० अंशांवर, म्हणजे कडेला आहे. ट्रिप्टोफॅन ११ व्या जागी घातला तरच त्याचा संकेत पटलात शिरणाऱ्या बाजूबद्दल बोलतो.

मागणीत आणखी तीन गोष्टी स्पष्ट लिहाव्यात. कार्बॉक्सिल टोक अमाइड स्वरूपात मागवावे, कारण मूळ प्रथिनात साखळी तिथे संपत नाही आणि मोकळे कार्बॉक्सिल टोक मुळात नसलेला ऋणप्रभार आणून ठेवते. अमिनो टोक मोकळे ठेवावे. १९ व्या जागचे सिस्टीन सेरीनने बदलावे, नाहीतर दोन पेप्टाइड डायसल्फाइड बंधाने जोडले जाऊन द्विगुणित रेणू तयार होतो आणि तो पटलाला कितीतरी घट्ट चिकटतो. याखेरीज एक तुलनेचा पेप्टाइडही त्याच वेळी मागवावा. त्यात अमिनो आम्ले तीच असावीत, पण त्यांचा क्रम असा विस्कटलेला असावा की जलविरोधी बाजू आणि धनप्रभारी बाजू वेगळी राहणार नाही. हा पेप्टाइड नसेल तर दिसलेला परिणाम उभयप्रवृत्त रचनेचा आहे की निव्वळ प्रभाराचा, हे कधीच सांगता येणार नाही. खर्च वाचवण्यासाठी तो वगळला जातो आणि प्रबंधाच्या वेळी परीक्षक नेमका तोच मागतात.

टप्पा ३ : पेप्टाइडची खरी संहती

बाटलीवर १ मिलिग्रॅम लिहिलेले असले तरी आत १ मिलिग्रॅम पेप्टाइड नसतो. शुद्धीकरणात वापरलेले ट्रायफ्लुरोॲसिटिक आम्ल प्रत्येक धनप्रभाराशी क्षाराच्या रूपात राहते. आपल्या पेप्टाइडवर अमिनो टोक धरून सहा धनप्रभार आहेत. एकेका ट्रायफ्लुरोॲसिटेटचे वस्तुमान सुमारे ११४, म्हणजे एकूण ६८४, आणि पेप्टाइडचे स्वतःचे सुमारे ३०००. म्हणजे ओलावा धरण्याआधीच पूडीतील जवळपास १९ टक्के भाग पेप्टाइड नसतो. वजनावरून काढलेली संहती इथेच चुकते, आणि ती चूक पुढे प्रत्येक आलेखात शिरते.

म्हणून संहती शोषणावरून काढावी. पेप्टाइड प्रथम निर्जंतुक शुद्ध पाण्यात विरघळवावा, बफरमध्ये नव्हे. क्षारयुक्त बफरमध्ये तो भिंतींना अधिक चिकटतो. मग २८० नॅनोमीटरला शोषण मोजावे. ट्रिप्टोफॅनसाठी ५५०० आणि २३ व्या जागच्या टायरोसिनसाठी १४९० धरून मोलर शोषणांक ६९९० येतो. १ सेंटिमीटरच्या क्युवेटमध्ये ०.३५ शोषण आले तर द्रावण ५० मायक्रोमोलर आहे. ३४० नॅनोमीटरला शोषण शून्याजवळ असावे; तिथे उंचवटा दिसला तर पेप्टाइड गोळा झाला आहे आणि वरचा आकडा खोटा आहे.

*तपासणी :* हे द्रावण कमी चिकटणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळ्यांत थोडे थोडे विभागून उणे २० अंशांवर ठेवावे आणि एक नळी एकदाच वापरावी. विस्कटलेल्या क्रमाच्या पेप्टाइडचीही संहती याच रीतीने, त्याच दिवशी काढावी.

टप्पा ४ : लिपिडांचे मिश्रण

कोणत्या पटलाची नक्कल करायची आहे ते ठरवल्याशिवाय मिश्रण ठरवू नये. कार्डिओलिपिन हे मुख्यतः आंतर पटलाचे लिपिड आहे. तिथे फॉस्फॅटिडिलकोलिन आणि फॉस्फॅटिडिलइथॅनॉलअमिन यांच्या सोबतीला त्याचे प्रमाण १५ ते २० टक्क्यांच्या आसपास असते. बाह्य पटलात ते फारच थोडे असते आणि ऋणप्रभार बऱ्याच अंशी फॉस्फॅटिडिलइनॉसिटॉलकडून येतो. २० टक्के कार्डिओलिपिनचे लायपोसोम करून त्यांना बाह्य पटलाचे प्रतिरूप म्हणणे ही सर्रास दिसणारी चूक आहे.

आंतर पटलासाठी पीओपीसी (फॉस्फॅटिडिलकोलिनचा एक प्रकार), पीओपीई (फॉस्फॅटिडिलइथॅनॉलअमिनचा एक प्रकार) आणि टेट्राओलिऑइल कार्डिओलिपिन ६०:२०:२० या मोल प्रमाणात घ्यावेत. गाईच्या हृदयातून काढलेले कार्डिओलिपिन निसर्गाच्या अधिक जवळचे असले तरी त्यात लिनोलिक साखळ्या भरपूर असल्याने ते लवकर ऑक्सिडाइज होते. नवख्याने ओलिऑइल प्रकारच घ्यावा.

एकूण ५ मायक्रोमोल लिपिडांसाठी हिशेब असा आहे : पीओपीसी ३ मायक्रोमोल म्हणजे २.२८ मिलिग्रॅम, पीओपीई १ मायक्रोमोल म्हणजे ०.७२ मिलिग्रॅम, कार्डिओलिपिन १ मायक्रोमोल म्हणजे १.५० मिलिग्रॅम. क्लोरोफॉर्ममधील द्रावणे मिलिलिटरला १० मिलिग्रॅमची असतील तर अनुक्रमे २२८, ७२ आणि १५० मायक्रोलिटर घ्यावे लागतील.

तुलनेच्या मिश्रणाबाबत विशेष काळजी घ्यावी. परिणाम कार्डिओलिपिनचा आहे की केवळ ऋणप्रभाराचा, हे पाहण्यासाठी पीओपीजी हे एकाच फॉस्फेटचे ऋणप्रभारी लिपिड वापरतात आणि बहुतेकजण तेही २० टक्केच घेतात. कार्डिओलिपिनच्या एका रेणूवर दोन फॉस्फेट असतात. म्हणून २० टक्के कार्डिओलिपिनची बरोबरी ४० टक्के पीओपीजीशी होते. २० ला २० लावून 'कार्डिओलिपिनची खास ओढ' दाखवणारे निकाल पुष्कळदा प्रभार समान करताच विरघळून जातात. तिसरे मिश्रण निव्वळ पीओपीसीचे असावे.

*सावधान :* पावसाळ्यात आपल्याकडे हवेतील ओलावा इतका असतो की उणे २० अंशांवरून काढलेली कुपी लगेच उघडली तर आत पाणी धरते. कुपी बंद ठेवून अर्धा तास शुष्कपात्रात खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी आणि मगच उघडावी. क्लोरोफॉर्म फक्त काचेच्या सिरिंजने घ्यावा, प्लॅस्टिकच्या टिपने नव्हे. क्लोरोफॉर्म प्लॅस्टिकमधून काय काय विरघळवून आणतो ते पुढे फ्लुरोसन्समध्ये दिसते. कुपीवर द्रावणाच्या पातळीची खूण करून ठेवावी. पुढच्या वेळी पातळी खाली गेलेली दिसली तर क्लोरोफॉर्म उडाला आहे आणि लेबलवरील संहती आता खरी राहिलेली नाही.

टप्पा ५ : पातळ थर, जलयोजन आणि गाळणी

गोल बुडाच्या काचेच्या फ्लास्कमध्ये लिपिडे एकत्र करून रोटरी इव्हॅपोरेटरवर क्लोरोफॉर्म काढावा. थर फ्लास्कच्या तळाशी एकसारखा, जवळजवळ न दिसणारा असावा. पांढरे ठिपके किंवा कडेला जाड वर्तुळ दिसले तर लिपिडे वेगवेगळी सुकली आहेत. थोडा क्लोरोफॉर्म घालून थर पुन्हा धरावा. त्यानंतर फ्लास्क रात्रभर निर्वातात ठेवावा. एमआयडीसीत देखभालीसाठी ज्या दिवशी वीज बंद असते त्याच्या आदल्या रात्री हे काम लावू नये. पंप बंद पडला की ओली हवा किंवा तेलाची वाफ थेट थरावर येते, आणि सकाळी पंप पुन्हा सुरू झालेला असल्याने काही बिघडले हे कळतही नाही.

बफर म्हणून १० मिलिमोलर हेपेस, १०० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड आणि ०.१ मिलिमोलर ईडीटीए, पीएच ७.४ असे घ्यावे. ईडीटीए ऐच्छिक नाही. कॅल्शियमच्या सान्निध्यात कार्डिओलिपिन द्विस्तर सोडून षट्कोनी रचनेकडे झुकते आणि लायपोसोम एकमेकांना चिकटू लागतात.

१ मिलिलिटर बफर घालून ४० अंश सेल्सिअसला अर्धा तास, मधूनमधून हलवत, थर सुटू द्यावा. पीओपीईचे संक्रमण तापमान सुमारे २५ अंश आहे, त्यामुळे २२ अंशांवर ठेवलेल्या वातानुकूलित खोलीत घाई करू नये. नंतर द्रव नायट्रोजन आणि कोमट पाणी यांत आळीपाळीने पाच ते दहा वेळा गोठवून वितळवावे आणि १०० नॅनोमीटरच्या पॉलिकार्बोनेट पटलातून २१ वेळा गाळावे. फेऱ्यांची संख्या विषम असावी, म्हणजे गाळलेला नमुना दुसऱ्या बाजूच्या सिरिंजमध्ये येतो आणि पहिल्या सिरिंजमध्ये राहिलेला न गाळलेला अंश त्यात मिसळत नाही. दुधाळ दिसणारे द्रावण या शेवटी पातळ, निळसर झाक असलेले झाले पाहिजे.

*तपासणी :* डीएलएसमध्ये (प्रकाशाच्या विखुरण्यावरून कणांचा आकार मोजण्याच्या पद्धतीत) सरासरी व्यास ११० ते १३० नॅनोमीटर आणि पॉलिडिस्पर्सिटी, म्हणजे आकारांतील विविधता, ०.१ च्या आसपास असावी. ०.२ च्या वर गेल्यास पुढे जाऊ नये. लायपोसोम ४ अंशांवर ठेवावेत, गोठवू नयेत, आणि दोन-तीन दिवसांत संपवावेत.

टप्पा ६ : लिपिडची संहती मोजणे

हा टप्पा सर्वाधिक वगळला जातो. गाळताना काही लिपिड हमखास कमी होते, त्यामुळे ५ मायक्रोमोल घातले म्हणून ५ मिलिमोलर मिळाले असे धरता येत नाही. फॉस्फेटची मोजणी करावी आणि तिथेही एक खाच लक्षात ठेवावी : कार्डिओलिपिनमध्ये दोन फॉस्फरस आहेत. आपल्या मिश्रणात दर लिपिडमागे सरासरी १.२ फॉस्फरस येतो. मोजणीत ६ मिलिमोलर फॉस्फरस आला तर लिपिड ५ मिलिमोलर आहे, ६ नव्हे. निव्वळ पीओपीसीच्या लायपोसोमसाठी गुणोत्तर १ असते. दोन्हींना एकच सूत्र लावले तर तुलनाच २० टक्क्यांनी तिरकी होते. याच कारणासाठी लायपोसोम फॉस्फेट बफरमध्ये केलेले नसावेत.

*सावधान :* या मोजणीत लिपिड परक्लोरिक आम्लात तापवून विघटित करतात. क्लोरोफॉर्म किंवा अल्कोहोलचा अंश राहिलेल्या नळीत परक्लोरिक आम्ल घालून तापवणे स्फोटक ठरू शकते. नळी आधी पूर्ण सुकवावी आणि हे काम त्यासाठी राखलेल्या धूरकपाटातच, अनुभवी सहकारी सोबत असताना करावे.

टप्पा ७ : बंधनाचे मापन

२ मिलिलिटर बफरमध्ये ५० मायक्रोमोलर द्रावणातील ४० मायक्रोलिटर घालून १ मायक्रोमोलर पेप्टाइड घ्यावा, मंद ढवळावा, तापमान २५ अंशांवर स्थिर ठेवावे. लायपोसोम घालण्यापूर्वी अर्धा तास केवळ पेप्टाइडचा फ्लुरोसन्स पाहत राहावे. तो हळूहळू उतरत असेल तर पेप्टाइड क्युवेटच्या भिंतीला चिकटतो आहे. अशा वेळी आधी थोडे पेप्टाइडचे द्रावण क्युवेटमध्ये फिरवून, ओतून देऊन मग मापन सुरू करावे.

जुलैमध्ये नवी मुंबईत दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. एसी बंद असलेल्या खोलीत २५ किंवा २० अंशांवर ठेवलेल्या क्युवेटच्या बाहेरच्या भिंतीवर दव धरते आणि संकेत कारणाशिवाय घसरतो. मापनाच्या तासभर आधी एसी सुरू करून खोली कोरडी होऊ द्यावी.

टायरोसिनला टाळण्यासाठी उद्दीपन २९५ नॅनोमीटरला ठेवावे आणि ३१० ते ४५० पर्यंत वर्णपट घ्यावा. पाण्यात ट्रिप्टोफॅनचे शिखर सुमारे ३५० नॅनोमीटरला असते आणि पटलात शिरल्यावर ते ३३० ते ३४० कडे सरकते. इथे एक फसवी जागा आहे. २९५ नॅनोमीटरने उद्दीपित केल्यावर पाण्याचे रामन शिखर (पाण्याच्या रेणूंनीच विखुरलेल्या प्रकाशाचे शिखर) सुमारे ३२८ नॅनोमीटरला येते, म्हणजे नेमके तिथे, जिथे आपण पेप्टाइड पटलात शिरल्याची खूण शोधत असतो. १ मायक्रोमोलर पेप्टाइडचा संकेत कमजोर असतो, त्यामुळे हे शिखर ३५० च्या डोंगराला डाव्या अंगाने खांदा जोडते, आणि विद्यार्थी त्याला 'अंशतः बंधन' म्हणतात. लिपिड घालण्याआधीच्या वर्णपटातही तो खांदा दिसत असेल तर तो पाण्याचा आहे. केवळ बफरचा वर्णपट वजा केला की तो नाहीसा होतो.

लायपोसोमचे द्रावण ४, ४, ८, ८, १६ मायक्रोलिटर अशा वाढत्या मात्रेत घालून प्रत्येक वेळी दोन-तीन मिनिटे थांबावे. दुसऱ्या क्युवेटमध्ये पेप्टाइडशिवाय हीच भर समांतर घालून प्रत्येक बिंदूचा पार्श्वसंकेत वजा करावा. तिसऱ्यात पेप्टाइडच्या जागी साधे ट्रिप्टोफॅन घ्यावे. ते पटलाला बांधले जात नाही, म्हणून लिपिड वाढताना त्याचा संकेत जितका कमी होतो तितका परिणाम प्रकाशाच्या विखुरण्याचा आहे आणि त्याच प्रमाणात दुरुस्ती करावी.

पातळ होण्याचा हिशेब विसरू नये. ५ मिलिमोलर द्रावणाचे १६० मायक्रोलिटर गेल्यावर लिपिड ४०० मायक्रोमोलर नसते, आकारमान २.१६ मिलिलिटर झाल्याने ते ३७० असते, आणि पेप्टाइडही ०.९३ मायक्रोमोलर झालेला असतो. फ्लुरोसन्स १.०८ ने गुणल्याशिवाय वक्र उगाच खाली वाकतो आणि संपृक्ती आल्याचा भास होतो.

*तपासणी :* निव्वळ पीओपीसीच्या लायपोसोमनी शिखर फारसे हलू नये. तिथेही मोठा सरक दिसला तर लायपोसोममध्ये ऋणप्रभारी अशुद्धी, बहुधा जुन्या लिपिडाच्या विघटनाची, आहे असे समजून नवीन थर धरावा.

टप्पा ८ : आकडा काढणे

बांधल्या गेलेल्या पेप्टाइडचा अंश लिपिडच्या संहतीविरुद्ध मांडून विभाजन स्थिरांक, म्हणजे पेप्टाइड पाणी आणि लिपिड यांत कसा वाटला जातो याचे माप, काढावा. बद्ध अंश म्हणजे स्थिरांक गुणिले लिपिड, भागिले पाण्याची संहती अधिक स्थिरांक गुणिले लिपिड. पाण्याची संहती ५५.३ मोलर धरावी. अर्धा पेप्टाइड ५५ मायक्रोमोलर लिपिडला बांधला गेला तर स्थिरांक सुमारे १० लाख येतो आणि मुक्त ऊर्जा २५ अंशांना सुमारे उणे ८.२ किलोकॅलरी प्रति मोल. संगणकाने दिलेला आकडा असा मनाशी एकदा ताडून पाहावा. एककांचा घोळ इथे लगेच उघडा पडतो.

सूत्र लावताना पहिले काही बिंदू वगळावेत. १० मायक्रोमोलर लिपिड असताना दर पेप्टाइडमागे जेमतेम दहा लिपिडे असतात. अशा दाटीत पेप्टाइड एकमेकांना दूर लोटतात, पटलाचा प्रभार खपतो आणि द्विस्तरही बिघडू शकतो. दर पेप्टाइडमागे ५० लिपिडे झाल्यानंतरचेच बिंदू विभाजनाच्या सूत्राला धरून असतात. पेप्टाइड आतल्या थरापर्यंत पोचत नसेल तर उपलब्ध लिपिड निम्मेच आहे, म्हणून एकूण लिपिड धरले आहे की बाहेरचे, हे आकड्यासोबत स्पष्ट लिहावे.

हेच मापन २५ आणि १५० मिलिमोलर क्षारातही करावे. १५० मिलिमोलरला विद्युत आकर्षणाचा पल्ला ०.८ नॅनोमीटरपेक्षाही कमी उरतो, तर २५ मिलिमोलरला तो सुमारे १.९ नॅनोमीटर असतो. कमी क्षारात कोणताही धनप्रभारी पेप्टाइड कार्डिओलिपिनला धावून चिकटतो, विस्कटलेल्या क्रमाचाही. दोन्ही पेप्टाइडांतील खरा फरक दिसतो तो १५० मिलिमोलरला, आणि पेशीतील परिस्थितीही त्याच्याच जवळची आहे. फक्त कमी क्षारातील आलेख देखणा येतो म्हणून तोच छापणे हे मला गैर वाटते.

टप्पा ९ : हेलिक्स आणि गळती

सीडीसाठी बफर बदलावा लागतो, कारण क्लोराइड आणि हेपेस २०० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतात. १० मिलिमोलर फॉस्फेट आणि पोटॅशियम फ्लोराइड वापरावे, १ मिलिमीटरचा क्युवेट घ्यावा आणि विखुरणे कमी करण्यासाठी सोनिकेशनने केलेले लहान लायपोसोम घ्यावेत. मुक्त पेप्टाइडचा खळगा २०० नॅनोमीटरच्या जरा खाली असतो. हेलिक्स झाल्यावर २०८ आणि २२२ ला दोन खळगे येतात. इथली नेहमीची चूक म्हणजे २२२ च्या आकड्यावरून थेट हेलिक्सची टक्केवारी काढणे. नमुन्यातील ६० टक्केच पेप्टाइड बद्ध असेल तर दिसणारा वर्णपट बद्ध आणि मुक्त यांची सरासरी असतो. आठव्या टप्प्यातील स्थिरांकावरून बद्ध अंश काढून मगच टक्केवारी सांगावी. ट्रायफ्लुरोइथॅनॉल या द्रावकात दिसलेली हेलिक्स केवळ तशी प्रवृत्ती दाखवते, तिचा पटलाशी संबंध नसतो.

गळतीसाठी ७० मिलिमोलर कॅल्सीनमध्ये लायपोसोम करून बाहेरचे कॅल्सीन जेल स्तंभातून काढून टाकावे; इतक्या दाटीत कॅल्सीनचा प्रकाश दबलेला असतो आणि ते बाहेर गळले की संकेत वाढतो. बाहेरच्या बफरची ऑस्मोलॅलिटी ऑस्मोमीटरवर मोजून आतल्याइतकी करावी. ती कमी राहिली तर लायपोसोम फुगून पेप्टाइडशिवायच गळतात. शेवटी ट्रायटन हे पटल फोडणारे अपमार्जक घालून शंभर टक्के गळतीचा संकेत घ्यावा. मोकळ्या कॅल्सीनमध्ये पेप्टाइड घालून पाहणेही आवश्यक आहे, कारण ऋणप्रभारी कॅल्सीन आणि धनप्रभारी पेप्टाइड एकमेकांना बांधून संकेत बदलू शकतात.

*सावधान :* दर २० लिपिडांमागे एक पेप्टाइड घालून पटल गळले, तर पेप्टाइडने साबणासारखे पटल विस्कटले एवढेच सिद्ध होते. त्याला प्रवेश किंवा आयात म्हणू नये. हजारास एक या प्रमाणापासून सुरुवात करून संपूर्ण मालिका दाखवावी.

टप्पा १० : विभव आणि खरे मायटोकॉन्ड्रिया

आंतर पटलावर मॅट्रिक्सच्या बाजूने ऋण असा सुमारे १५० ते १८० मिलिव्होल्टचा विभव असतो आणि तो धनप्रभारी प्रिसिक्वेन्सला आत खेचतो. लायपोसोममध्ये त्याची नक्कल करण्यासाठी आत १०० मिलिमोलर पोटॅशियम आणि बाहेर १ मिलिमोलर पोटॅशियम व ९९ मिलिमोलर सोडियम ठेवून व्हॅलिनोमायसिन, म्हणजे पोटॅशियमला पटलातून पार नेणारा रेणू, घालावे. दहापटीच्या प्रत्येक फरकाला ५९ मिलिव्होल्ट धरून उणे ११८ मिलिव्होल्ट अपेक्षित आहे. क्रम महत्त्वाचा आहे : आधी विभव दाखवणारा रंग, मग व्हॅलिनोमायसिन, विभव स्थिर झाल्याची खात्री, आणि त्यानंतर पेप्टाइड. केवळ इथॅनॉलची तुलनाही घ्यावी, कारण व्हॅलिनोमायसिन त्यातच विरघळवलेले असते. पेप्टाइडने पटल गळू लागले तर विभव स्वतःच कोसळतो, म्हणून गळतीच्या मालिकेत जी मात्रा निरुपद्रवी ठरली तिच्या वर जाऊ नये. धनप्रभारी रंग कार्डिओलिपिनलाही चिकटतात, त्यामुळे व्हॅलिनोमायसिनशिवायची पायारेषा त्याच मिश्रणावर घ्यावी, पीओपीसीवर नव्हे.

यानंतर विलग केलेल्या मायटोकॉन्ड्रियावर स्पर्धेचा प्रयोग केला जातो. आयातीच्या मिश्रणात कृत्रिम प्रिसिक्वेन्स घातला की प्रथिनाची आयात मंदावते, आणि त्यावरून पेप्टाइडने ग्राहकांची जागा अडवली असा अर्थ लावला जातो. परंतु मात्रा वाढली की हाच पेप्टाइड आंतर पटलाचा विभवही उतरवतो, आणि विभव नसला की आयात तशीही थांबते. म्हणून स्पर्धेच्या प्रत्येक मात्रेला त्याच मायटोकॉन्ड्रियाच्या नमुन्यावर विभव मोजावा, शेजारी सीसीसीपीने विभव पूर्ण काढलेली नळी ठेवावी, आणि ज्या मात्रेपर्यंत विभव शाबूत आहे तेवढ्याच बिंदूंवरून जागा अडवल्याचा दावा करावा. विस्कटलेल्या क्रमाचा पेप्टाइड इथेही त्याच मात्रांत, त्याच दिवशी चालवावा.